सिंकखालचा कप

आमचं काळवंडलेलं स्वयंपाकघर आता पांढरंशुभ्र झालंय. जुनी भांडी आईनं मोडीत दिली, पण धुण्याभांड्याला येणाऱ्या सुमनमावशींचा वेगळा, कानतुटका कप तेवढा पुन्हा सिंकखाली जाऊन बसला. टाइल्स महिन्याभरात बदलता येतात, हा कप हलत नाही. समतेची पत्रकं वाटणाऱ्या मला तो इतकी वर्षं खुपला नाही, याचाच संताप जास्त.

आज मी मावशींना आमच्या कपात चहा दिला.

आई ओट्याशी ताठ उभी. "राहू दे रे, तिला सवय आहे."

मावशी कपाला हात न लावता हळूच म्हणाल्या, "दादा, तुम्ही सभेला जाल. मला रोज यांच्यासमोर राबायचंय. माझाच द्या."

मी वाकलो, तो कप काढला आणि चहा त्यात ओतला.