वामनमामांची एक रजा

वामनमामा आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे शिपाई आहेत. बावीस वर्षं झाली. काचेच्या नळ्या धुणं, टेबलं पुसणं आणि पोरांवर ओरडणं ही त्यांची नेमून दिलेली कामं. न नेमून दिलेलं काम म्हणजे एडवणपासून माकुणसारपर्यंत दिसेल त्याला कॉलेजात ओढून आणणं. एखादी मुलगी बारावीनंतर घरी बसलीय असं कळलं, की हा माणूस खिशातून प्रवेशाचा फॉर्म काढतो. पेनही स्वतःचंच देतो. त्यांच्या फॉर्मवर शिकलेली मुलं आज बोईसरच्या कारखान्यांत आहेत, आणि रस्त्यात भेटली की आम्हा प्राध्यापकांना ओलांडून मामांच्या पाया पडतात. मला याचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?

प्राचार्यांच्या मागे मामांनी तीन वर्षं एकच धोशा लावला होता. "पोरं शिकून बोईसरला जातात. गावात ऱ्हानाऱ्या बायांसाठी कॉलेजात काय हाय?" शेवटी मासळी सुकवून टिकवण्याचा सहा महिन्यांचा वर्ग मंजूर झाला आणि माझ्या गळ्यात पडला. अट एकच होती. परीक्षेला किमान बारा जणी बसायला हव्यात, नाहीतर वर्ग कायमचा बंद. मामांनी एडवणात घरोघर हिंडून अकरा कोळणी गोळा केल्या. बारावी त्यांची बायको, साखरबाई.

"घरचीला आदी धरायची," ती पहिल्याच दिवशी मला म्हणाली. "पन यांना घर सगल्यात शेवटी दिसतं."

मी सोमवार, बुधवार, शुक्रवार असं वेळापत्रक लावलं. एक आठवडा वर्ग भरलेला, पुढचा आठवडा ओस. मी भडकले. हजेरीच्या वहीत लाल पेनाने रकानेच्या रकाने भरले. तेव्हा मामांनी माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर खिळा ठोकला आणि पंचांग अडकवलं.

"मॅडम, पुनवेला आनि अवसेला उधान. पान्याला वढ असते, जाल्यात बोंबील पडतो. त्या दिवसांत बाय वलांडी सोडून येनार नाय. अष्टमीच्या आगंमागं भांग असतो, पानी सुस्त. तवा बोलवा."

वलांडी म्हणजे किनाऱ्यावर बांबू रोवून, दोऱ्या ताणून केलेली बोंबील सुकवायची जागा. मुकाट्याने मी वेळापत्रक तिथीवर लावलं. वर्ग भरायला लागला. मिठाचं प्रमाण मी फळ्यावर लिहायची, आणि बाया माना हलवत मला वारा कुठून आला की मासळीला बुरशी येते ते सांगायच्या. त्या सहा महिन्यांत मी जेवढं शिकले तेवढं नोकरीत कधी शिकले नव्हते.

आणि मग मीच घोळ घातला. परीक्षक मुंबईहून येणार होते. मी सोयीचा शनिवार बघून तारीख कळवून टाकली. पंचांग समोरच होतं, नजर वर केली असती तर दिसलं असतं. पौर्णिमेचा दुसरा दिवस. माझ्या लक्षात आलं तोवर पत्रं निघाली होती, आणि तारीख काही बदलेना.

मी मामांना तारीख सांगितली. दुसऱ्या दिवशी टेबलावर त्यांचा अर्ज होता. बावीस वर्षांतला पहिला. परीक्षेच्या दिवशी रजा हवी, कारण घरगुती. माझा पारा चढला. नेमक्या त्याच दिवशी? मी लाल पेनाने 'नामंजूर' लिहिलं. तरी ते आले नाहीत.

शनिवारी प्रयोगशाळा मी उघडली, टेबलं मी पुसली, मामांच्या नावाने बोटं मोडत. साडेदहा झाले. एकही बाई नाही. परीक्षकांनी दुसरा चहा संपवला आणि घड्याळ पाहिलं. अकराला पाच कमी असताना फाटकापाशी टेम्पो थांबला आणि ठेवणीतली लुगडी नेसलेल्या बारा बाया उतरल्या.

"मासळी?" मी साखरबाईला विचारलं.

"वलांडीवर."

"टांगतंय कोण?"

तिने पदर तोंडाला लावला. "तुमचा मामा. आनि बाकीच्यांचे नवरे."

इथे होडी किनाऱ्याला लागली की पुरुषाचं काम संपतं. पुढची मासळी बाईची. वलांडीवर हात लावणाऱ्या पुरुषाची गाव वर्षभर टिंगल करतं. मामा आठवडाभर पुन्हा घरोघर हिंडले होते, या खेपेला नवऱ्यांसाठी.

परीक्षा संपल्यावर मीही त्याच टेम्पोतून एडवणला गेले. बोंबील टांगायचे म्हणजे दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करायची आणि ती दोरीवर टाकायची. बाया हे न बघता करतात. या गड्यांनी कुठे शेपट्या सुतळीने बांधल्या होत्या, कुठे जबडे फाडले होते. निम्मी मासळी वाळूत, आणि कावळ्यांची चंगळ. मामांच्या दहाही बोटांना बोंबलाचे दात लागले होते. त्यांवर त्यांनी धोतराच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या.

साखरबाईने एक नजर टाकली, पदर खोचला आणि पडलेले बोंबील उचलून पहिल्यापासून टांगायला लागली. "परीक्षा यांची घ्यायला पायजे होती," ती म्हणाली.

मामांनी मला एवढंच विचारलं, "बारा बसल्या?"

"बारा."

ते होते तिथेच वाळूत बसले. मला माफी मागायची होती, पण मी वाकून वाळूतले बोंबील वेचायला लागले.

सोमवारी मी तो अर्ज काढला. 'नामंजूर' खोडलं आणि खाली 'कर्तव्यावर' असं लिहून सहीसाठी प्राचार्यांपुढे ठेवला.

"कर्तव्यावर?" त्यांनी चष्मा वर केला. "परीक्षेच्या दिवशी वामन कॉलेजात नव्हता. कुठे होता?"

"वलांडीवर, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.