चौतीस नंबरचे मल्हारराव

बंगळुरातल्या बसवनगुडीत विठ्ठलरावांचं भांड्यांचं दुकान. मुलगा प्रदीपकुमार डॉक्टर झाला तेव्हा त्यांनी अख्ख्या रस्त्याला पेढे वाटले होते. पुढं पोरानं मनोविकार हा विषय घेतला. तेव्हा ते म्हणाले, "अरे, हृदय होतं, हाडं होती, गेलाबाजार नाक-कान तरी होते! वेड्यांचा डॉक्टर कशाला?"

कारण घरातच होतं. त्याची आत्या सकवारबाई भिंतीशी बोलत बसायची. घरच्यांनी लिंबं उतरवली, ताईत बांधले, सगळं केलं. दवाखाना तेवढा राहून गेला. "आत्याच्या डोक्यात कोण बोलतं?" असं दहा वर्षांच्या प्रदीपनं विचारलं, तर त्याला उत्तर नाही, धपाटा मिळाला. म्हटलं तर तिथूनच त्याचं वैद्यकीय शिक्षण सुरू झालं.

शहाण्णव साली तो एका मोठ्या इस्पितळात मनोविकाराचा रेसिडेंट होता. जोडीला संशोधन चालू होतं, झोप न येणाऱ्यांच्या मेंदूवर. डोक्याला तारा लावायच्या आणि कागदावरच्या रेषा तासन्‌तास बघायच्या. इकडे दुकानात विठ्ठलराव, म्हणजे त्याचे अण्णा, गिऱ्हाइकांना सांगत, "मेंदूचं आहे काहीतरी. ऑपरेशनं वगैरे." गिऱ्हाइकं भारावून जात. प्रदीपला मात्र एकच हवं होतं. बापानं एकदा तरी चारचौघांत खरं सांगावं.

त्याच्या ओपीडीत गर्दी मरणाची, पण रुग्ण एकही नसे हो! कुणी मेहुण्यासाठी आलेलं, कुणी शेजारणीसाठी. सगळे शहाणे, आणि सगळ्यांच्या तोंडाला मफलर.

एका गुरुवारी त्यानं दारातून पुकारा केला, "चौतीस नंबर, मल्हारराव!"

माकडटोपीतले एक गृहस्थ उठले. टोपीतून नाक तेवढं दिसत होतं, पण ते नाक प्रदीप रोज आरशात बघत होता. तो काही बोलणार, एवढ्यात बाकावरून त्यांच्या दुकानासमोरचे किराणावाले आप्पाजी ओरडले, "अहो विठ्ठलराव! तुम्ही इथं?" आणि लगेच, "मी आपला मेहुण्यासाठी आलोय हं."

अख्खा बाक वळून बघू लागला. विठ्ठलरावांना घाम फुटला.

"मी? छे छे! माझा मुलगा इथं डॉक्टर आहे. मनाच्या रोगांचा. हा काय, हाच! त्याला भेटायला आलोय."

प्रदीपचा ऊर भरून आला. अब्रू वाचवायला का होईना, अण्णांनी एकदाचं सांगितलं! त्यानं त्यांना आत घेतलं, दार लावलं आणि म्हणाला, "अण्णा, आज फार बरं वाटलं."

अण्णांनी टोपी काढली. डोळे लालभडक झाले होते.

"त्या मल्हाररावांचा नंबर गेला का रे?"

"नाही. का?"

"आठ महिने झोप नाही म्हणे त्यांना. डुलकीसुद्धा नाही."

प्रदीप त्यांच्यासमोर बसला. "घरी सांगितलं नाही त्यांनी?"

"कुणाला सांगणार? मुलगा झोप न येणाऱ्यांचा अभ्यास करून उशिरा घरी येतो. हे दार उघडतात. त्याला वाटतं, बाप आपल्यासाठी जागतोय."

प्रदीपला त्यांच्याकडे बघवेना. आठ महिने तो त्याच दारातून "झोपा आता, अण्णा" म्हणत आत गेला होता. त्यानं केसपेपर ओढला, मल्हारराव खोडलं आणि विठ्ठलराव लिहिलं.

"वय किती, अण्णा?" त्यानं विचारलं.

"हळू बोल की रे," अण्णा कुजबुजले. "आप्पाजी बाहेरच बसलाय."