अंकल म्हणजे मामा

"अंकल गेले," असं जिन्यातून कुणीतरी ओरडून सांगितलं, तेव्हा आईने विचारलं, "कोनता अंकल?" आमच्या विरारच्या बिल्डिंगमध्ये पन्नाशीपुढचा प्रत्येक पुरुष अंकलच, भाजीवालाही त्यातून सुटत नाही. पण तिचा चेहरा आधीच उतरला होता. पास्कल अंकल तळमजल्यावर एकटे राहायचे. रोज जवळच्या नंदाखाल गावातल्या आपल्या वाडीत जायचे आणि परतताना आमच्या ग्रिलवर किल्ली वाजवून केळी द्यायचे. बेल त्यांनी कधी दाबली नाही. महिना होऊन गेला... संध्याकाळी अजून ती टकटक ऐकू येते आणि मी मुकाट्याने दार उघडते. जिन्यात कुणी नसतं.

चांदीपच्या माहेरी आईला सख्खा काय, चुलत भाऊही नाही. माझ्या लग्नात गुरुजींनी मुलीच्या मामांना बोलावलं आणि मांडवात सगळे एकमेकांची तोंडं पाहू लागले. मला रडूच फुटणार होतं. तेवढ्यात कोट-टाय घातलेले अंकल उठले. "चल गं, मुहूर्त टळेल." बूट काढायला लावल्यावर फाटक्या मोज्यातून डोकावणारा अंगठा घेऊन ते माझ्या पाठीशी उभे राहिले. कुजबुज झालीच, आईने कुणाला भीक घातली नाही.

लग्नानंतरही मी आईजवळच राहते आणि शाळेत इंग्रजी शिकवते. एकदा शब्दकोशात सापडलं, की 'अंकल' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचं लॅटिन मूळ फक्त आईच्या भावासाठी होतं. वडिलांच्या भावाला रोमन लोकांकडे निराळा शब्द, आपल्या काकासारखा. पुढे इंग्रजीने सगळे एकाच पोत्यात भरले आणि आपण त्यात शेजारीही कोंबले. हे ऐकून अंकल खूश झाले. "म्हणजे माझी पोस्ट पक्की झाली!"

दफनाच्या वेळी त्यांच्या पुतण्याने आईला अदबीने विचारलं, "आंटी, तुम्ही अंकलच्या कोण?" आई नुसती मूठभर माती टाकून परतली. त्या दिवसापासून मला तिची काळजी वाटू लागली होती.

परवा भाऊबीज झाली. भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते, म्हणून मी आम्हा दोघींसाठी ताट घेऊन गच्चीकडे निघाले, तर आईने मनगट धरलं. आत तिने पाट मांडला होता, भोवती रांगोळी.

"चंद्र कशाला? माझा भाऊ हाय ना."

रिकाम्या पाटाला तिने सावकाश ओवाळलं. मग माझ्याकडे वळली. "मामाच्या पाया पड."

मी वाकले... आणि पाय कुठे असतील याचा अंदाज घेत, पाटापुढच्या लादीवर हात टेकले.