पाण्याच्या रेघांची सुरी

दुसरबीडला रस्त्याच्या कडेला माझ्या आईची खानावळ आहे. ट्रकवाले, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, बाजाराला आलेली माणसं तिथे जेवतात. वडील गेल्यावर तिने ती एकटीने उभी केली. कांदे, वांगी, कोबी, सगळं ती विळीवर चिरायची. पाटावर बसून, एक पाय फळीवर दाबून. मग तिचे गुडघे गेले. मेहकरच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, की आता खाली बसायचं नाही.

माझा मोठा भाऊ जालन्याला नोकरी करतो. तो त्याच आठवड्यात आला आणि चपला काढायच्या आधीच म्हणाला, "माय, झालं आता. बंद कर हे. माह्या घरी चाल."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? गुडघे गेले न तुझे."

"गुडघे गेले. हात हायेत," आई म्हणाली आणि त्याला जेवायला वाढलं.

तिने खानावळीत एक टेबल मांडलं आणि उभ्याने चिरायला सुरुवात केली. बाजारात मिळतात त्या सगळ्या सुऱ्या मी तिला आणून दिल्या. पातळ पत्र्याच्या, प्लास्टिकच्या मुठीच्या. कांदा कापायचा सोडून चेंगरायचा. कोबीत पातं अडकायचं. आई जोर लावायची आणि संध्याकाळपर्यंत तिचं मनगट सुजायचं. भाकरी थापताना तिचा उजवा हात मागे पडलेला मला दिसायचा.

मी वेल्डर आहे. मेहकरला आयटीआय केलं तेव्हा वर्गात एकटीच मुलगी होते. खानावळीच्या मागेच माझं शेड आहे; गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॉलीची मोडकी हुकं, असली कामं करते. एक दिवस फोनवर एका जपानी कारागिराचा व्हिडिओ पाहिला. तो स्वयंपाकघरातली सुरी बनवत होता. रुंद, पातळ, धारेच्या बाजूने जवळजवळ सरळ पातं, आणि त्या पात्यावर पाण्यावर उठतात तशा रेघा. दोन जातींचं पोलाद थरावर थर ठेवून, तापवून, ठोकून एक केलेलं. शेवटी त्याने टोमॅटो कापला. टोमॅटोला कळलंही नसेल.

मी भावाला फोनवर सांगितलं, की मी मायसाठी अशी सुरी बनवणार.

"रेघांनी कांदा कापते का?" त्याने विचारलं.

"नाही कापत. पण मले रेघा पाहिजेत."

तो हसला. मी त्याला पुढचं सांगितलं नाही, ते इथे सांगते. माझ्या आईला जन्मभर सगळं गरजेपुरतंच मिळालं. लुगडं गरजेपुरतं, छप्पर गरजेपुरतं, औषधसुद्धा दुखणं थांबेल इतकंच. एखादी वस्तू तिच्यासाठी गरजेपेक्षा जास्त सुंदर असावी असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्या आलं.

सुगी संपली की आमच्याकडे रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेत एक लोहार नवरा-बायको पाल ठोकतात. तो सांडशीत लोखंड धरतो, ती घण मारते. मी फोन घेऊन त्यांच्याकडे गेले. लोहारदादा म्हणाले, "ताई, विळा सांगा, खुरपं सांगा, कुऱ्हाड सांगा. हे जपानचं काय आणलं?" त्यांची बायको त्यांच्या खांद्यावरून पाहत होती. ती म्हणाली, "दिसते तर चांगली. करून पाहू की."

लाकूड कापायच्या आरा मशीनची तुटलेली पट्टी आणि जुन्या कानशी एवढं सामान मी जमवलं. पट्टीचं पोलाद तेजाबात पांढरं राहतं, कानशीचं काळं पडतं, म्हणून रेघा दिसतात. तुकडे कापून एकाआड एक थप्पी रचली आणि कडेने वेल्डिंगचे टाके घातले. भट्टीत थप्पी पिवळी होईपर्यंत तापवायची, थर एकमेकांना धरावेत म्हणून वर टाकणखार टाकायचा, आणि ठोकायची. लांबली की मधोमध कापून, दुमडून, पुन्हा तेच. लोहारीणबाई आणि मी आळीपाळीने घण मारत होतो. माझे तळहात सोलवटले. तिने एकदा बघितले आणि म्हणाली, "फडकं बांध. थांबू नको, लोखंड थंड होते."

गावातले एक गृहस्थ रोज चहाला येतात. ते उभे राहून पाहत होते. शेवटी म्हणाले, "लोहारकी तुमच्या लोकांत कधी होती वं बाई?"

प्रश्नाचा रोख मला कळला. तसले प्रश्न कळायला आम्हांला लहानपणापासूनच वेळ लागत नाही.

"वेल्डिंग कोणाच्या लोकांत होतं, काका?" मी विचारलं. "तुमच्या गेटचं वेल्डिंग मीच केलं न?"

त्यांनी चहा संपवला आणि ते गेले. लोहारीणबाई घणावर रेलून हसत राहिली.

पण पहिलं पातं गेलं. पाणी द्यायच्या वेळी, म्हणजे लाल पातं कोमट तेलात बुडवताना, बारीकसा आवाज आला. बाहेर काढून पाहिलं तर पाठीजवळ चीर. हाताने जरा वाकवलं तर थर सुटले, भिजलेल्या प्लायवुडसारखे. नेमका त्या दिवशी भाऊ आलेला. "झालं समाधान?" तो म्हणाला. "आता तरी तिले घेऊन जाऊ दे."

मला रडू येत होतं. पण त्याच्यासमोर रडले असते तर त्याने ते आईला जालन्याला न्यायच्या कारणांत जमा केलं असतं. मी शेडमध्ये गेले, ग्राइंडर लावला आणि नव्या पट्टीचे तुकडे पाडायला लागले.

चूक कळली होती. तुकड्यांवर गंज आणि मळी राहिली होती, आणि घाईत मी जोरात ठोकत होते. दुसऱ्या वेळी एकेक तुकडा आरशासारखा घासला. लोहारदादा भट्टीजवळ बसून राहिले. टाकणखार वितळून लोण्यासारखा चमकायला लागला तेव्हा म्हणाले, "आता. ठोकू नको, चिकटव." मी हलक्या हाताने मारलं. घणाखाली दोन लोखंडांचा एकच भरीव आवाज यायला लागला, तो मला आजही ऐकू येतो.

पातं घडवलं, पातळ घासलं. यावेळी तेलात बुडवलं तेव्हा आवाज आला नाही. मग कढईत वाळू तापवून, फुटाणे भाजायला तापवतात तशी, त्यात पातं ठेवलं, वाळल्या गवताचा पिवळा रंग चढेपर्यंत, म्हणजे पातं कडक राहतं पण तुटत नाही. धार लावताना पातं तापून मऊ पडू नये म्हणून हातमोजे काढून घासत होते; चटका बसला की पाण्यात. शेवटी सर्किट बोर्डावरचं तांबं खाणारं, तेजाबासारखं औषध आणलं आणि पातं त्यात सोडलं. काळ्या पाण्यातून रेघा वर आल्या. लोहारीणबाई जवळ आली. "लोणारच्या तळ्यावर वारा आला का असंच होते," ती म्हणाली. तिच्या नवऱ्याने पातं उन्हात धरलं, फिरवलं, आणि माझ्या हातात देताना दोन्ही हातांनी दिलं. मूठ मी बाभळीची केली, आठ कोनी.

आईने सुरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "एवढी नक्षी काय कराले?"

"मले करावी वाटली म्हणून."

तिने कोबी ओढला. पहिला काप खाली पडला, दुसरा पडला. तिचा खांदा सैल झाला. तो कोबी संपला, तिने दुसरा घेतला, मग कांदे घेतले, उद्याचेसुद्धा. मी समोर उभी राहून वाट पाहत होते, ती काहीतरी बोलेल म्हणून. शेवटी बोलली, "बाजूले हो वं, उजेड अडवून राह्यली."

महिनाभरात समृद्धी महामार्गावरून उतरलेले एक साहेब जेवायला आले. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांना स्वयंपाकघराचं सामान पुरवतात, असं म्हणाले. टेबलावरची सुरी पाहून त्यांनी विचारलं, "ही जपानहून मागवली?"

"मागच्या शेडमधून," मी म्हणाले.

त्यांनी शेड पाहिलं, सुरी पुन्हा पाहिली. म्हणाले, "मला अशाच बनवून द्या, फक्त पात्यावर दोन-चार जपानी अक्षरं कोरा. अक्षरं मी पाठवतो. बाकी कोणाला काही सांगायची गरज नाही."

"मला जपानी वाचता येत नाही," मी म्हणाले. "जे वाचता येत नाही ते मी माझ्या कामावर लिहिणार नाही. लिहिलं तर दुसरबीड लिहीन."

ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, दुसरबीड लिहिलेली सुरी कोण घेणार?"

आई चिरता चिरता थांबली नाही. "ज्याले पाहिजे तो घेईन," ती म्हणाली. "तुम्ही बसा, साहेब. भाजी गरम हाय."

ते बसले. दोन भाकरी जास्त खाल्ल्या, अक्षरांचा विषय पुन्हा काढला नाही, आणि फोन करतो म्हणून गेले. फोन आला नाही. मेहकरच्या एका आचाऱ्याने मात्र सुरी मागितली आहे, आणि लोहारीणबाईने स्वतःसाठी एक. तिच्या सुरीचे तुकडे मी परवा घासायला घेतले. भाऊ आता खानावळ बंद करायचं बोलत नाही. आला की आईला विचारतो, आज भाजी कोणती.