वाढीव वेळ

दहावीच्या परीक्षेत आमच्या केंद्रावर वाढीव वेळेची एकच मुलगी होती. तिला अक्षरं लवकर लागत नाहीत, म्हणून तासामागे वीस मिनिटं जास्त मंजूर होती. केंद्रसंचालक म्हणून मी स्वतंत्र बाक, मंजुरीचं पत्र, भिंतीवरचं घड्याळ, सगळं यादीप्रमाणे तपासलं होतं.

घंटा झाली. इतरांचे पेपर गोळा झाले. शिपाईमामांनी सवयीने पंखे बंद केले आणि बाकं ओढायला घेतली. वर्गावरच्या बाई खांद्याला पर्स लावून मुलीच्या डोक्याशी उभ्या राहिल्या.

"काय गं, कादंबरी लिहितेस? आम्हालाही घरं आहेत."

"बाई, शेवटचा प्रश्न राहिलाय."

"मग लिही की. मी हात धरलाय का?"

मुलीचं बोट प्रश्नाच्या एकाच ओळीवरून तीनदा फिरलं. मग तिने पेनाला टोपण लावलं. चाळीस मिनिटं शिल्लक होती.

मी दारातच होते, सगळं ऐकत होते. सवलत मंजूर करताना आपल्याला काही वाटत नाही. समोर बसून ती कुणी वापरू लागलं, की मात्र डोळ्यांत खुपते.

उत्तरपत्रिका देताना मुलगी म्हणाली, "सॉरी बाई, माझ्यामुळे उशीर झाला."

आणि आम्ही दोघींनी मोठ्या मनाने तिला माफ केलं.