मिरजगावात सॉफ्टवेअर बघण्याचा कार्यक्रम

चार माणसं एका ऑफिसात रोज डबा खातात म्हटल्यावर किस्से साठणारच. आमच्याकडे तर ते पेंडीच्या पोत्यांसारखे थप्पीला लागलेत. खालचं एक ओढलं की वरची चार अंगावर येतात! यंदाची थप्पी सगळी सॉफ्टवेअरची आहे.

मिरजगावला हायवेच्या कडेला आमचा पशुखाद्याचा कारखाना. मी डिस्पॅच बघतो, बापू सेल्स बघतो आणि मालक अण्णा आम्हा दोघांकडे बघतात. अण्णांची एकुलती एक लेक पल्लवी एमबीए करून, पुण्याची नोकरी सोडून घरी आली. येऊन बघते तर विक्री बापूच्या एक्सेलमध्ये, गाड्या माझ्या व्हॉट्सॲपवर आणि उरलेला धंदा अण्णांच्या डोक्यात.

"हे सगळं एका स्क्रीनवर दिसलं पाहिजे, अण्णा. आपण बिझनेस इंटेलिजन्सचं सॉफ्टवेअर घेऊ."

"म्हंजी आजवर आमी बिनअकलेचा धंदा केला व्हय?" अण्णा म्हणाले. पण लेकीपुढं किती ताणणार? "बरं, तूच निवड. जमलं तर ही खुर्ची तुजी. न्हाई जमलं तर गपचिप पुन्याला जाऊन नोकरी कर."

पोरगी आम्हाला आवडायची. तिनं परत जावं असं कुणालाच वाटत नव्हतं.

त्या खुर्चीसमोर, दाराजवळ, एक स्टूल असतं. ज्या गिऱ्हाइकाचं काही चुकलंय, ज्याचा माल अण्णांनी थांबवलाय, ते टोपी काढून तिथं बसतं आणि म्हणतं, "मालक, जरा बोलायचं हुतं. येळ हाय का?" अण्णा वर न बघता म्हणतात, "बसा. आदी च्या येऊ द्या." चहा येईपर्यंत गिऱ्हाईक निम्मं होतं. त्या स्टुलावर बसून वाद घातलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

*

पहिली पार्टी पुण्याहून आली. टाय वगैरे! अण्णांना गोठ्यातून यायला उशीर झाला, तोवर डेमो सुरू झालेला. अण्णा दारात उभे राहिले आणि त्यांची नजर प्रोजेक्टरनं भिंतीवर पाडलेल्या लाल पट्टीवर गेली. टोरांटो, विक्री घटली.

"ह्यो डेपो कुनी उघडला? मला इचारलं न्हाई!"

बापू ताडकन उभा राहिला. "अण्णा, शप्पथ! मी कोपरगावच्या फुडं कधी गेलोच न्हाई!"

टायवाल्यानं समजावलं की सर, हा नमुना डेटा आहे, कॅनडातल्या एका सायकल कंपनीचा, फक्त दाखवायला.

"दुसऱ्याच्या गायीचं दूध दाखवून आपली गाय इकायला आलाय व्हय?" अण्णांनी विचारलं. त्या माणसाला जेवायला मात्र आग्रहानं बसवलं. आमच्याकडे नकार जेवण झाल्यावर देतात.

*

दुसरी पार्टी त्यातल्या त्यात धीट. "सर, आम्ही फ्री ट्रायल देतो."

अण्णांना हे एकदम पटलं. ते गाय घेतात तेव्हा आधी तीन टायमाचं दूध स्वतः समोर बसून काढून घेतात, मगच सौद्याचं बोलतात. तोच नियम सॉफ्टवेअरला लावला. सकाळी आकडे झकास आले. संध्याकाळीही आले. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आंघोळ करून समोर बसले आणि नेट गेलं. स्क्रीनवर नुसतं पांढरं चाक फिरत राहिलं.

अण्णांनी बराच वेळ त्या चाकाकडं बघितलं. मग मान हलवली. "आचळाला हात लावला की पान्हा चोरतीय. अशी गाय म्या दावनीला बांधत न्हाई!"

डेमो द्यायला आलेला पोरगा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "पान्हा चोरते म्हणजे?"

"म्हणजे सर, तुमचा सर्व्हर डाऊन," मी म्हणालो. त्यानं ते नीट लिहून घेतलं.

*

मग पल्लवीच्या लक्षात आलं की सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, आत घालायचा डेटा बापूचाच आहे. तो एकदा टाकून तर बघू म्हणून तिनं बापूची एक्सेल चढवली. कर्जत तालुक्यात सगळ्यात मोठं गिऱ्हाईक निघालं: 'कुत्रं सांभाळा'.

"बापूकाका, हे काय?"

"ताई, त्या गोठ्यावर लई वंगाळ कुत्रं हाय. डायव्हरला कळावं म्हनून नावाच्या जागी लिवलं."

"आणि नाव?"

"नाव समद्यास्नी म्हाईत हाय की!"

तेवढ्यात अण्णा आले. स्क्रीन बघून खूश झाले. "एवढा माल घेतोय? दिवाळीला मिठाई धाडा त्याला."

पल्लवी पुढं वाचत होती. "आणि हे 'घरचं' कोण?"

बापूनं अण्णांची पाठ वळायची वाट बघितली. "ते अण्णांच्या गोठ्याचं. पाव्हन्यारावळ्यांच्या गाड्या भरतात, ते बी त्यातच. ते मोजायचं नसतं, ताई."

"मोजायचं नसतं तर लिहिलं कशाला?"

बापू चहा सांगायला उठला. मीही त्याच्या मागोमाग सटकलो.

*

आता आमच्या ऑफिसची रीत सांगतो. अण्णांना वाईट बातमी थेट सांगायची नाही. आधी गायीची चौकशी, मग पावसापाण्याचं, मग चहा, आणि कप खाली ठेवला की बातमी. सॉफ्टवेअरला ही रीत कुठली ठाऊक? उघडलं की पहिलाच आकडा लाल!

म्हणून तिसऱ्या पार्टीला बापूनं हायवेवरच्या हॉटेलात गाठलं आणि भजी खाऊ घालून सांगितलं, "सायेब, लाल रंग काढा. आन् सुरुवातीला एक गाय टाका."

दुसऱ्या दिवशी डेमोत पहिल्या पानावर टपोऱ्या डोळ्यांची जर्सी गाय, आणि आत सगळं हिरवंगार. अण्णा म्हणाले, "ह्येच घ्या! किती गरीब हाय!"

"अण्णा, सगळं हिरवं आहे तर गोडाऊनमध्ये माल पडून का आहे?" पल्लवीनं विचारलं.

अण्णांचं तोंड उतरलं. त्यांना गाय मनापासून आवडली होती. पण लेकीनं ठाम नाही म्हटलं आणि पार्टीला परत पाठवलं. त्या दिवशी अण्णांनी डबा गोठ्यावर मागवला आणि पल्लवीनं स्क्रीनसमोर बसून खाल्ला.

*

शेवटी पल्लवीनं निवडलं ते सगळ्यात साधं. टाय नाही, गाय नाही. प्रश्न मराठीत टाकायचा, उत्तर मराठीत येतं. नेट गेलं तरी शेवटचं उत्तर जागेवर राहतं.

अण्णांना दाखवायच्या आधी आम्ही दोघांनी ते गुपचूप बघितलं आणि बापूनं पल्लवीला गाठलं. "ताई, ती येक ओळ तेवढी झाका. खुर्ची तुमचीच हाय, कशाला इस्तवात हात घालताय?"

"झाकून मिळालेल्या खुर्चीवर बसून मी करू काय, बापूकाका?"

अण्णा आले. खुर्चीत बसले, टोपी सारखी केली. पल्लवी बाजूला उभी राहिली. 

"काय बी इचारू?"

"काहीही विचारा."

अण्णांनी एकेक अक्षर शोधत प्रश्न टाकला: कोणाचा माल थांबवायला पाहिजे?

चाक फिरलं नाही. उत्तर लगेच आलं, लाल रंगात, एकच ओळ. 'घरचं. माल जातो, बिल होत नाही.'

 बापू खिडकीबाहेर बघायला लागला. अण्णांनी ती ओळ वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. मग खुर्ची मागे सारून उठले. मी मनात म्हटलं, संपलं. पोरगी चालली पुण्याला.

अण्णा टेबलाला वळसा घालून दारापर्यंत गेले. तिथं थांबले. टोपी काढली आणि स्टुलावर बसले.

"मालक, जरा बोलायचं हुतं. येळ हाय का?"

पल्लवीनं आमच्याकडं पाहिलं, मग रिकाम्या खुर्चीकडं. सावकाश जाऊन बसली. स्क्रीन आपल्याकडं वळवली आणि वर न बघता म्हणाली,

"बसा. आधी चहा येऊ द्या."