जास्तीची चेन

मॅचिंगच्या दुकानात प्लास्टिकच्या चेनी टांगल्या होत्या, जांभळ्या, पोपटी, दातांवर चमकी लावलेल्या. उशीच्या अभ्र्यासाठी एक घ्यायची होती. मी जांभळीचा रनर उगाच ओढून पाहिला. एका बाजूचा दात दुसऱ्या बाजूच्या फटीत मुकाट बसत गेला आणि ओळखीची करकर झाली.

माझ्या फ्रॉकला आई अशीच चेन लावायची, पण कायम जास्त लांबीची. उरलेला तुकडा कापायचा नाही, आत दुमडून टाके घालायचे. तो कमरेला असा टोचायचा की वर्गात सरळ बसवत नसे.

"आई, टोचतंय गं!"

"टोचू दे. उंच झालीस की तीच पुरेल."

फ्रॉक आखूड झाला की ती चेन उसवायची आणि दातांवर मेणबत्ती घासून नव्या फ्रॉकला लावायची. फ्रॉकागणिक आतला तुकडा कमी होत गेला. एका फ्रॉकात काहीच टोचलं नाही, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

दुकानातल्या बाईंनी कात्री उचलली. "ताई, अभ्र्याला एवढी लागणार नाही. जास्तीची कापू?"

"नको, राहू दे," मी म्हटलं. खरं तर उशीची काही उंची वाढायची नव्हती.